दोन बोटांची फट

रविवारी सकाळी नागसेन चहाचा कप घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये गेला, तो फक्त एक माप घ्यायला. काम पाच मिनिटांचं. मागच्या टायरच्या वर आणि मडगार्डच्या खाली जी फट असते, तिच्यात बोटं घालून बघायची. चार बोटं बसली की हात धुऊन नाश्त्याला बसायचं. आत ज्योत्स्नानं पोहे परतायला घेतलेच होते.

फटीत दोनच बोटं बसली.

त्यानं दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं. दोनच. पुढच्या चाकांवर मात्र चार-चार. म्हणजे मागच्या स्प्रिंगा दुसऱ्यांदा बदलूनही गाडी मागून बसलेली ती बसलेलीच. नागसेननं टायरला एक सणसणीत लाथ घातली आणि अंगठा धरून तिथंच खाली बसला, कारण पायात साधी स्लिपर होती.

नागसेन आयटीआयत मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो, त्याला अठरा वर्षं झाली. भोकरदनच्या आसपास कुठं गाडी बंद पडली, तर बॉनेटमध्ये डोकं घालणारा बहुतेक त्याचाच विद्यार्थी निघतो. अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या दारातल्या गाडीनं तीन महिने नाचवावं, हे त्याला फार लागलं होतं. गाडी तरी कसली, तर सतरा वर्षांची टर्बो डिझेल स्टेशन वॅगन. कंपनीनं ती बनवणं केव्हाच बंद केलेलं. पुढून साधी मोटार आणि मागून एखाद्या खोलीएवढी लांब. गल्लीतले लोक तिला ‘अर्धी बस’ म्हणायचे, आणि नागसेनला ते ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे.

ती त्यानं हौसेनं घेतली नव्हती. त्याचे वडील भिवाबाबा जालन्याच्या मोंढ्यात चाळीस वर्षं हमाली केलेले. ज्या पाठीनं हजारो पोती वाहिली, ती पाठ शाबूत राहिली, पण दोन्ही किडन्या गेल्या. सोमवारी आणि गुरुवारी जालन्याला चार तास मशीनवर. एक पाळी चुकली तरी छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीनवरून उठल्यावर त्यांना बसवत नसे. एकदा राजूरच्या अलीकडं ते एसटीत दोन सीटांच्या मधे कोसळले होते, आणि उतरणारे लोक त्यांना ओलांडून उतरले होते. ते नागसेनच्या मनातून जात नव्हतं. बाबांना सरळ झोपवून नेता येईल अशी गाडी त्याला हवी होती. मागचं सीट काढलं की वॅगनमध्ये माणूस पाय पसरून झोपतो. म्हणून ती घेतली, जुन्या जालन्यातल्या एका बियाणेवाल्या मारवाडी घरातून.

आणि मग तीन महिने तिनं त्याला खाल्लं. टर्बोचा दांडा हलत होता, सील गेलेले होते, मागून निळा धूर. टर्बो त्यानं स्वयंपाकाच्या ओट्यावर उघडला, तर ज्योत्स्नानं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, कारण ऑइल पोळपाटावर सांडलं होतं. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर त्यानं एका भंगारातल्या गाडीचा बसवला, त्यासाठी पुढचा बंपर कापला. पाइप फुटले, बदलले. मागं फळी, तिच्यावर फोमची गादी, छताला सलाइनचा हुक. सगळं जमलं. राहिल्या दोनच गोष्टी, एक ही मागची बसकण आणि दुसरा तो नॉक.

नॉकचं असं होतं. टर्बोची गाडी लांबून पळून आली की तिला एकदम बंद करायचं नसतं. टर्बो तापून लाल झालेला असतो. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून त्याला थंड होऊ द्यायचं, नाहीतर आतलं ऑइल जळून तो जाम होतो. नागसेन हे दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवतो. स्वतःच्या गाडीला तर त्यानं टायमरच बसवला, म्हणजे चावी काढली तरी इंजिन दोन मिनिटं चालतं आणि मग आपोआप बंद होतं. फार नामी वस्तू. फक्त त्या दोन मिनिटांतच गाडीत कुठंतरी ठोकल्याचा आवाज यायचा. ठक, ठक, ठक. मग थोडं थांबून पुन्हा तीनदा.

सकाळी थंड इंजिनवर आवाज नाही. पळताना नाही. फक्त कुठून तरी येऊन थांबल्यावर, त्या दोन मिनिटांत. नागसेननं इंजेक्टर तपासले, टॅपेट सेट केले, इंजिनचे रबर बदलले. शेवटी ज्योत्स्नाला बॉनेटपाशी उभं केलं.

“कुठून येतोय, ऐक बरं.”

ज्योत्स्नानं ऐकलं. मग ती बॉनेट सोडून मागं चालत गेली आणि डिकीच्या दारापाशी थांबली.

“अहो, हे इंजिन न्हाई. हे इथून, काचेवर वाजून राह्यलंय... आतून.”

“आत काय हाय? गादी हाय!”

“मला काय माहीत. मी शाळेत भूगोल शिकवते.”

त्यानं डिकीचं दार उघडलं. आत गादी होती, हुक होता, आणि निलगिरीच्या तेलाचा वास होता. तो वास पहिल्या दिवसापासूनच होता. त्यानं मागचं सगळं कापड काढून धुतलं होतं, तरी तो जात नव्हता. दार उघडल्यावर ठोकणं मात्र थांबलं. त्यानं दाराची रबरं बदलली आणि स्वतःचं समाधान करून घेतलं. पुढच्या फेरीला आवाज पुन्हा आला.

तर त्या रविवारी तो अंगठा चोळत बसला होता, तेव्हा शेडच्या तोंडाशी बाजेवर पडलेले भिवाबाबा म्हणाले, “स्प्रिंगा कशाला बदलून राह्यला सारख्या? स्प्रिंगा बराबर हायेत.”

“मंग बसली कशी?”

“वजन हाय मागं.” बाबांनी डोळे बारीक करून गाडीकडं बघितलं. पोतं न उचलता नुसतं बघून किलो सांगणारा माणूस, मोंढ्यात त्यावर पैजा लागायच्या. “सत्तर किलो. एक माणूस.”

“बाबा, गाडी रिकामी हाय!”

“मला काय दिसतंय ते सांगितलं.”

नागसेनचं डोकं फिरलं. बाबांनी आयुष्यभर अंगात येणं, भूत-पिशाच्च, उतारे, गंडेदोरे यांच्यावर हातभर शिव्या दिलेल्या. बावीस प्रतिज्ञा त्यानं त्यांच्याकडूनच पाठ केल्या. आणि आता हे. रक्तातली घाण डोक्यात चढली की माणूस असं बोलतो, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेच असणार. पोहे थंड झाले म्हणून आतून हाक आली तेव्हा तो ज्योत्स्नावरही खेकसला.

सोमवारी गाडी बाबांना घेऊन पहिल्यांदा जालन्याला निघाली. बाबा मागं गादीवर, पांघरूण घेऊन, पाय सरळ. राजूरचा चढ तिनं असा काही घेतला की तीन महिन्यांचा शीण निघून गेला. आरशात बाबा डोळे मिटून शांत पडलेले दिसत होते. एका बाजूला अगदी कडेला सरकून पडले होते, बाकीची गादी मोकळी. पडतील म्हणून त्यानं दोनदा हाक मारली. त्यांनी नुसता हात हलवला.

दवाखान्याच्या दारात त्यानं चावी काढली. टायमरनं इंजिन चालू ठेवलं. तो उतरून वॉर्डबॉयला हाक मारायला वळतो, तोच मागून आवाज आला. ठक, ठक, ठक. बाबांना काही झालं, असं वाटून नागसेन धावत मागं गेला आणि दार वर ढकललं.

बाबांचे दोन्ही हात पांघरुणात होते.

“मी न्हाई ठोकलं,” ते हळूच म्हणाले. “त्यांनी ठोकलं. त्यांना उतरव आधी.”

“कोणाला?”

“भागचंद शेठला... त्यांचा नंबर पहिला हाय, नागसेन. लई वेळचे वाट पाहून राह्यलेत.”

भागचंद म्हणजे गाडीचे जुने मालक. त्यांच्या दुकानाची पोती बाबांनी वीस वर्षं वाहिली होती.

“बाबा, ते पाच साल झाले वारले!”

“ते मला म्हाईत हाय. मयतीला मी गेल्तो, तू न्हाई.”

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला होता, मागं रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि मशीनची वेळ टळून चालली होती. नागसेननं बाबांना पांघरुणासकट ओढलं, स्ट्रेचरवर घेतलं आणि डिकीचं दार धाडकन आपटलं. “लावू नको... दार लावू नको रे,” बाबा आत जाईपर्यंत म्हणत राहिले. त्याला ऐकायला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

चार तास बसून तो काय करणार? तो पायीच जुन्या जालन्यात गेला. मनाला सांगितलं, गाडीची जुनी कामं कुठं झाली ते विचारू. दुकानात भागचंदांचा मुलगा हर्ष होता. तो म्हणाला, “सर, गाडी विकली, विषय संपला. अब क्या पूछना?” पण आतल्या पडद्याआडून त्याच्या आई चंदनबाई बाहेर आल्या. पांढरी साडी, हातात जपाची माळ.

“काय करते गाडी?” त्यांनी विचारलं.

“माँजी, थांबल्यावर आवाज येतोय. मागून... काचेवर ठोकल्यासारखा.”

हर्षनं मान वळवली. चंदनबाईंनी त्याला चाय सांगायला बाहेर धाडलं आणि मग खुर्चीत बसल्या.

“नवी गाडी आल्ती ना, तेव्हा आमच्या रखमाजीनं टर्बो जाळला. ड्रायव्हर होता तो. गाडी आणली की लगेच बंद करायचा, त्याला काय मालूम? शेठजींनी चार माणसांत त्याला असं झाडलं, असं झाडलं. म्हणाले, दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. मागं भगवान बसला असंल तरी दोन मिनिटं. तेव्हापासून रखमाजी हातातल्या घड्याळाकडं बघत बसायचा. बारा वर्षं त्यानं कधी चुकवलं नाही.”

माळेचे मणी सरकत होते.

“शेठजींना गोदामात छातीत दुखलं. मी निलगिरी चोळून दिली, मागं झोपवलं, जल्दी जा म्हणाले. रखमाजीनं गाडी उडवत नेली. दवाखान्याच्या दारात पोचला... आणि बसला. घड्याळाकडं बघत. शेठजींनी अंगठीनं काचेवर ठोकलं. त्याला वाटलं, शेठजी आठवण करून देताहेत, की बंद करू नको. आणि मागच्या दाराला आतून कडी नाही ना. दोन मिनिटांनी उतरला, दार उघडलं.”

चहा आला. नागसेननं कप तसाच खाली ठेवला.

“रखमाजी?” त्यानं विचारलं.

“सालभरात गेला तो पण. जेवायचा नाही. ताट समोर ठेवलं तरी म्हणायचा, दोन मिनिटं थांबा.”

नागसेन परत आला तेव्हा बाबांची मशीन संपली होती. अंगातलं पाणी निघाल्यावर माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा होतो, तसे ते दिसत होते. पण मागं झोपायला त्यांनी साफ नकार दिला. पुढच्या सीटवर, पट्ट्यात लोंबकळत, दोनदा उलटी करत ते भोकरदनपर्यंत आले. दारात उतरवताना ते शुद्धीत नव्हते. ज्योत्स्नानं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि नवऱ्याकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. यासाठीच का तीन महिने घालवले?

शुद्ध आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, “शेठ उतरल्याबिगर मी त्या गाडीत बसत न्हाई.”

“मंग जीप सांगतो.”

“जीपमध्ये बसवत न्हाई मला. जातच न्हाई. त्यांचा नंबर असून मी कसा उतरलो पुढं? सांग ना. जिंदगीभर मी कोणाचा नंबर मोडला न्हाई.”

ज्योत्स्नानं समजावलं, नागसेननं आवाज चढवला, शेवटी हातही जोडले. मंगळवारी संध्याकाळी बाबांच्या पायावर सूज दिसायला लागली. बुधवारी सकाळी चेहरा भरला. गुरुवारची पाळी चुकली तर काय होईल, हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता. नागसेनला इतका वैताग आला होता की त्याला रडायला येत होतं.

बुधवारी दुपारी त्यानं रजा टाकली. शेडमध्ये गेला, टायमरच्या वायरी कापल्या आणि डबा काढून फेकून दिला.

“कुठं निघाला?” ज्योत्स्नानं विचारलं.

“जालन्याला. शेठला सोडायला.”

ती हसली नाही. तिनं पाण्याची बाटली आणून दिली.

उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. साठ किलोमीटर रिकामी गाडी घेऊन एका मेलेल्या माणसाला उतरवायला निघालेला आपण एक महामूर्ख आहोत, हे नागसेननं वाटेत स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं. आरसा त्यानं छताकडं वळवून ठेवला होता. काचा खाली असूनही निलगिरीचा वास डोळ्यांना झोंबत होता, आणि राजूरच्या चढाला गाडी जड चालत होती.

दवाखान्याच्या दारात दुपारचा शुकशुकाट होता. नागसेननं थांबता क्षणी चावी फिरवली. तापलेला टर्बो बारीक किंचाळला आणि इंजिन बंद पडलं. अठरा वर्षं ज्याला पाप म्हणून शिकवलं, ते त्यानं स्वतःच केलं. पण ठोकायच्या आत तो मागं पोचला होता. त्यानं डिकीचं दार पूर्ण वर उचललं आणि इकडंतिकडं कोणी बघत नाही ना, ते पाहिलं.

“या... उतरा, शेठ,” तो कुजबुजला. “रखमाजीची चूक झाली. माफ करा त्याला. दवाखाना आला.”

काही झालं नाही. तो तसाच दार धरून उभा राहिला. गादी रिकामी होती. मग गादीच्या फोममध्ये मधोमध पडलेला खळगा, जो त्याला आत्तापर्यंत दिसलाही नव्हता, हळूहळू भरून आला. स्प्रिंगा कुरकुरल्या. गाडीचं मागचं अंग सावकाश, एखादं जनावर उठतं तसं, वर आलं. वास गेला.

नागसेननं वाकून फटीत बोटं घातली. चार.

तो बंपरला टेकून फुटपाथवर बसला आणि आधी घरी फोन लावला. ज्योत्स्नानं तो बाबांच्या कानाला धरला.

“बाबा, उतरले. चार बोटं! चार बोटं बसून राह्यली!”

पलीकडं बाबांनी मोठा श्वास सोडला. मग आवाज घाईचा झाला. “दार लावलं का?”

“लावतो ना.”

“जल्दी लाव. दवाखान्याचं दार हाय ते... घरी जायचं असणारे लई लोक बसलेले असतेत तिथं.”

पाठीमागं स्प्रिंगा कुरकुरल्या.

नागसेन उठला नाही. बसल्या जागेवरूनच त्यानं हात मागं नेला आणि फट चाचपली. तीन बोटं, मग दोन. त्यानं बोट तिथंच ठेवलं, तर गाडी आणखी खाली आली, इतकी की बोट चिमटत होतं म्हणून त्याला ते काढून घ्यावं लागलं. निलगिरी नव्हती. ओल्या मातीचा आणि फिनेलचा वास येत होता. त्यानं मान उंचावून आत बघितलं, तर गादीवर दोन खळगे होते.

“नागसेन? लावलं का दार?”

उद्या गुरुवार होता. बाबांचा चेहरा भरला होता, आणि हा म्हातारा गाडीकडं एकदा बघून किलो सांगणार होता.

“लावलं, बाबा,” तो म्हणाला. “गाडी रिकामी हाय.”

मग त्यानं खरंच दार लावलं. परतीच्या रस्त्याला न लागता त्यानं गाडी राधेश्यामच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर घेतली. चावी काढली, टायमर नव्हता, इंजिन बंद झालं. तरी मागच्या काचेवर कोणीतरी बोटांनी हळूच वाजवलं, आणि त्याला दुसऱ्या कोणीतरी साथ दिली. नागसेन मागं न बघता दुकानात शिरला.

“आता काय, सर?” राधेश्याम त्याला बघून कंटाळलाच होता.

“मागच्या स्प्रिंगा. सगळ्यात कडक हायेत त्या दे.”

“तिसऱ्यांदा?” राधेश्यामनं कपाळावर हात मारला. “आधी एक बताओ, वजन किती असतंय मागं? दोन्ही टाइम तुम्ही बोलले, रिकामी असते म्हणून.”

नागसेननं काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि थोडा वेळ हिशोब केला.

“दोन माणसं,” तो म्हणाला. “बाबांना धरून तीन.”